वाकड्या ओळी

९ ऑगस्ट २०१७, बुधवार

आजचा दिवस एका चिन्हात गेला.

उर्वशी मॅडमना रोज सकाळी एक फाइल हवी आहे. साधी, नुसत्या अक्षरांची. फवारणी करताना विषबाधा झालेल्या प्रत्येक माणसाची तिच्यात एक ओळ असेल आणि ओळीत पाच रकाने: गाव, नाव, वय, औषध, त्रास. मॅडम आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर. दवाखाना एका लहानशा संस्थेचा, यवतमाळात दोन खोल्यांचा, आणि गाडी एकच. ती कोणत्या गावाला पाठवायची आणि तिच्यात काय ठेवायचं, हे त्या फाइल पाहून ठरवणार. औषधाचा रकाना चुकू देऊ नकोस, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. फवारलेलं औषध एका जातीचं असलं तर त्यावर उतारा आहे. दुसऱ्या जातीचं असलं आणि तोच उतारा टोचत राहिलं, तर माणूस हातचा जातो.

माहिती गावांतल्या आशाताई मेसेजनं पाठवणार. त्यांच्याकडे बटणांचे फोन आहेत. म्हणून दोन रकान्यांमधलं चिन्ह असं हवं, की ते त्या फोनवर चटकन सापडेल आणि मजकुरात एरवी येणार नाही. कॉलेजात आमचे सर हेच सांगायचे. चिन्ह कुठलंही घ्या, फक्त ते मजकुरात असता कामा नये. तेव्हा हे सोपं वाटलं होतं.

मोकळी जागा चालत नाही. ती नावांत असते, गावांतही असते. टिंब चालत नाही, लोक वडलांच्या नावाचं एकच अक्षर लिहून पुढे टिंब देतात. तिरकी रेघ त्या फोनमध्ये कुठे आहे ते मलाच सापडलं नाही. चांदणीचं बटण दाबलं की चिन्हांची अख्खी पाटी उघडते आणि शेजारचं दाबलं की भाषा बदलते. शेवटी स्वल्पविराम. एक आकड्याचं बटण दोनदा दाबलं की येतो.

आमचा ड्रायव्हर धरमसिंग दारात उभा राहून पाहत होता. "मॅडम, ही पोरगी मुहूर्त काढून राह्यली का?" मॅडम हसल्या. मीही हसले.

यंदा कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली आहे. फवारणारा माणूस आत शिरला की दिसत नाही. पंपातून उडालेलं त्याच्याच तोंडावर येतं. माझा धाकटा भाऊ राजदीप बोरी अरबला भगवानरावांच्या वावरात रोजानं फवारतो. संध्याकाळी त्याला फोन केला. "जय भीम ताई, जित्ता आहो," तो म्हणाला. रोज हेच म्हणतो. मी म्हटलं, असं म्हणत जाऊ नकोस.

फाइल नीट झाली तर त्याच्याही कामी येईल, असं मनात आलं. तो विचार मी पुढे जाऊ दिला नाही.

१४ ऑगस्ट, सोमवार

आशाताईंची बैठक झाली. बोरी अरबला लागून असलेल्या तांड्यावरच्या बिजलीबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. तांडा आणि आमची वस्ती दोन्ही त्यांच्याकडेच आहेत. मला त्या लहानपणापासून पाहतात, तरी आज मला बाई म्हणाल्या.

मी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि प्रत्येकीकडून फोनवर करून घेतली. एक गोष्ट लिहून झाली की स्वल्पविराम. हे मी इतक्या वेळा म्हटलं, की त्या माझ्याबरोबर म्हणायला लागल्या.

बिजलीबाईंनी विचारलं, "अन् पंपात दोन औषधं असली तं?"

तेवढ्यात मागे कुणाचा तरी फोन बंद पडला आणि चहाही आला. मी मागे जाता जाता म्हटलं, प्रत्येक गोष्टीनंतर स्वल्पविराम, बिजलीबाई. "बरं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तसं लिहून फोन माझ्याकडे वर धरला. मी लांबूनच मान हलवली.

बैठक चांगली झाली.

१७ ऑगस्ट, गुरुवार

फाइल सुरू झाली. मेसेज येणारा फोन मी कॉम्प्युटरला जोडला आहे. ज्या ओळीत चार स्वल्पविराम तीच प्रोग्रॅम आत घेतो. कमी किंवा जास्त निघाले तर ती ओळ दुसऱ्या फाइलमध्ये जाते. तिचं नाव मी 'वाकड्या ओळी' ठेवलं. अर्धवट मेसेज, चुकून दाबलेली बटणं. एकीनं नवऱ्याला करायचा मेसेज आम्हाला केला, येताना गहू दळून आणा. हे सगळं मॅडमसमोर जायला नको. सवड मिळेल तशी ती फाइल पाहीन.

मॅडमनी कागद हातात धरला आणि म्हणाल्या, किती स्वच्छ आहे.

सकाळी फाइल उघडली की मी आधी बोरी अरब शोधते, मग राजदीप. नाव नसलं की पाणी पिते.

२२ ऑगस्ट, मंगळवार

काल पोळा होता म्हणून परवा घरी गेले आणि आज सकाळी परत आले. आमच्याकडे बैल नाहीत, पण गावात त्या दिवशी फवारणी बंद असते. राजदीप घरी सापडेल म्हणून गेले.

तो बारीक झाला आहे. पाठीवर पंपाच्या पट्ट्यांचे वण आहेत. आई म्हणाली, जेवणावर वासना नाही आणि झोपेत उशी ओली होते. मी त्याला दिवसभर मोबाइल पाहू नकोस म्हणून बोलले. तो मोबाइल नाकाशी धरून पाहत होता, अक्षरं पुसट दिसतात म्हणाला. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या बारीक होत्या, मोहरीएवढ्या. आम्ही दारात बसलो होतो आणि ऊन होतं.

"दुसरं काम का पाहत नाहीस?" मी विचारलं.

"तू पाह्यलं न दुसरं. घरात एकानं पाह्यलं तं पुरे." तो हसला. मग म्हणाला, दसऱ्यापर्यंतच. दसऱ्याला आईला नागपूरला दीक्षाभूमीवर नेणार आहे, तिथून आल्यावर पंप उचलणार नाही.

बसमध्ये सारखं वाटत होतं की काहीतरी विचारायचं राहिलं.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

बोरी अरबची ओळ नाही.

२९ ऑगस्ट, मंगळवार

दारव्ह्याकडच्या, म्हणजे आमच्या बाजूच्या, ओळी कमी होत चालल्या आहेत. आज एकही नव्हती. वणीकडच्या मात्र येतात. मॅडम म्हणाल्या, तिकडचे लोक सांगितलेलं ऐकायला लागले असतील. त्या तसं म्हणाल्या खऱ्या, पण कागद त्यांनी बराच वेळ खाली ठेवला नाही. मग गाडी आठवडाभर वणीला ठेवायचं ठरवलं. धरमसिंग कुरकुरला. राजूरच्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक, कपडे काळे होतात, बायको घरात घेत नाही.

मला हलकं वाटलं. फाइल सांगते आहे की आमच्याकडे कुणी आजारी नाही, आणि फाइल मी केली आहे.

२ सप्टेंबर, शनिवार

आजचं आजच लिहिते आहे.

सकाळी बिजलीबाईंचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"गाडी काहून नाई आली?"

मी विचारलं, कुठली गाडी. तांड्यावरचा हिरासिंग परवा दुपारी फवारताना पडला, तेव्हाच त्यांनी मेसेज केला होता. संध्याकाळपर्यंत लोक रस्त्याच्या तोंडाशी गाडीची वाट पाहत बसले. मग त्याला बैलगाडीत घालून निघाले. तो इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आहे आणि कुणाला ओळखत नाही. मी म्हटलं, तुमचा मेसेजच आला नाही.

"पाठवला न बाई. तुमी सांगतला तसाच."

तेव्हा मी वाकड्या ओळी उघडल्या.

आधी राजदीपचं नाव शोधलं. ते नव्हतं. मग वरून वाचायला लागले. गव्हाचा मेसेज होता. त्याच्याखाली माणसं होती. दारव्ह्याकडची, आर्णीकडची, सगळीकडची. ओळी पूर्ण होत्या, काहीही गळालेलं नव्हतं. फक्त औषधं दोन होती, कुठे तीन. इल्लीचं म्हणजे अळीवरचं, चुरड्याचं म्हणजे पानं मुरडतात त्यावरचं, आणि टॉनिक. इकडे पंप एकदाच भरायचा आणि सगळं त्यात एकत्र ओतायचं. दोनदा कोण फवारतो? बायांनी प्रत्येक औषधानंतर स्वल्पविराम दिला होता. मी सांगितलं तसाच. त्यामुळे एक चिन्ह जास्त झालं आणि ज्याच्या अंगावर एकच औषध पडलं तेवढाच माणूस मॅडमपर्यंत गेला.

तांडा, हिरासिंग, ३०, इल्लीचं, चुरड्याचं, ओकारी. ही ओळ परवाची.

मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी वणीला फोन करून गाडी परत बोलावली. मग वाकड्या ओळी एकेक करून माझ्याकडून वाचून घेतल्या. मी वाचत होते आणि त्या गावोगाव फोन लावत होत्या. पलीकडून कुणी बोललं की त्या विचारायच्या, आता कसा आहे. मग ऐकत राहायच्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

४ सप्टेंबर, सोमवार

हिरासिंग गेला.

बिजलीबाईंना फोन करायचं ठरवलं होतं. नंबर लावला आणि घंटी जायच्या आत कापला.

५ सप्टेंबर, मंगळवार

नवीन चिन्ह शोधायचं आहे. आता प्रत्येक चिन्हाची भीती वाटते. कुठलंही घेतलं तरी ते कुणाच्या तरी नावात, गावात, दुखण्यात असेलच असं वाटतं. मॅडमच्या ओळखीचे पुण्याचे एक जण म्हणाले, आम्ही मोबाइलचं ॲप करून देतो, त्यात चिन्हाची भानगडच नाही. मॅडमनी त्यांना विचारलं, बटणांच्या फोनवर चालेल का. पाहून सांगतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आलेले सगळे मेसेज मी पहिल्यापासून वाचले. सरळ आणि वाकडे. बायांनी कोणतं चिन्ह कधीच वापरलं नाही तेवढंच पाहत होते. अधिकचं चिन्ह औषधांच्या मध्ये आहे. आडवी रेघ आहे. प्रश्नचिन्हही आहे, गाडी कवा येते? कंस आहेत, कशाला आहेत कुणास ठाऊक.

उद्गारचिन्ह नाही. ओकारी, लाळ, डोळ्याला दिसत नाही, उठवलं तर उठत नाही, आणि एवढ्या मेसेजांत एकही उद्गारचिन्ह नाही. पुन्हा पाहिलं. नाही. बाजारात तेल काय भाव आहे हे सांगावं तसं त्या सगळं लिहितात.

एकचं बटण चारदा दाबलं की ते येतं. तेच ठरवलं. रकाना संपला की उद्गारचिन्ह. औषधांच्या मध्ये स्वल्पविराम असू दे, काहीही असू दे.

६ सप्टेंबर, बुधवार

एकेका आशाताईला फोन करून सांगितलं. या वेळी प्रत्येकीला विचारलं, पंपात तीन औषधं असली तर कसं लिहाल, आणि बोलून घेतलं. बिजलीबाईंना शेवटी फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं, बरोबर म्हणून दाखवलं. मग म्हणाल्या, "अन् हे कवा बदलान?"

मी म्हटलं, आता नाही बदलणार.

"बरं," त्या म्हणाल्या. १४ तारखेला म्हणाल्या होत्या तसंच.

११ सप्टेंबर, सोमवार

प्रोग्रॅममध्ये आणखी एक गोष्ट केली. वाकडी ओळ आली की कॉम्प्युटरवर घंटी वाजते आणि मी हातातलं सोडून ती वाचते. सरळ ओळी नंतर. फाइल आता सकाळची राहिलेली नाही, दिवसभर चालू असते. घंटी बहुतेक वेळा फालतू निघते. आज एकीच्या मुलानं फोन खेळायला घेतला होता.

घंटी वाजली की मी दचकून उभी राहते. धरमसिंगनं ते पाहिलं आहे. आता तो दारातून काही बोलत नाही.

बिजलीबाईंच्या ओळी येतात. सरळ, पूर्ण. फोन मात्र त्या करत नाहीत.

१९ सप्टेंबर, मंगळवार

ओळी इतक्या येतात की मॅडमनी छापणं बंद केलं, त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून वाचतात. मोठ्या दवाखान्यात खाटा पुरत नाहीत. टीव्हीवाले आले होते. एकानं मला विचारलं, तुम्ही नक्की काय करता. मी म्हटलं, टायपिंग.

राजदीपला रोज दोनदा फोन करते. आज चिडला. "ताई, तू फोन करून राह्यली तवा मले पंप उतरवून हात धुवा लागते." भगवानरावांनी तोंडाला बांधायला दिलं आहे म्हणे. काय दिलं, विचारलं. रुमाल.

मी त्याला हिरासिंगची गोष्ट पुन्हा सांगितली. तो म्हणाला, तो उपाशीपोटी गेलता, मी शिदोरी खाऊन जातो. मग म्हणाला, दसरा आता आलाच.

मी आईला सांगितलं, त्याला घरात कोंड. आई म्हणाली, त्याच्या डोळ्यांना पाणी येतं आहे, डोळे आले असतील, वस्तीत साथ आहे. मी म्हटलं, गुलाबपाणी घाल.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

बोरी अरबची ओळ होती. दुसऱ्या कुणाची. गाडी वेळेवर गेली, माणूस वाचला.

मला आनंद झाला, आणि त्याच्याआधी एक क्षण नाव वाचेपर्यंत जे झालं ते लिहिता येत नाही.

२७ सप्टेंबर, बुधवार

कालचं आज लिहिते आहे.

दुपारी एक सरळ ओळ आली. कळंबकडच्या एका गावची. माणूस पंचेचाळीस वर्षांचा, औषधं दोन, झटके थांबत नाहीत. मॅडमना सांगायला मी उठले. गाडी अंगणात होती आणि धरमसिंग काच पुसत होता. तेवढ्यात घंटी वाजली.

मी परत बसले आणि वाचलं.

बोरी अरब! राजदीप मारोती! २२! इल्लीचं, चुरड्याचं, टॉनिक! लाळ, घाम, बोलत नाही!

शेवटी एक चिन्ह जास्त होतं. त्याच्यापुढे काही नव्हतं. म्हणून ओळ वाकडी ठरली होती. मी ते पुसलं. ओळ सरळ झाली आणि बाकीच्यांच्या खाली जाऊन बसली. हे मी का केलं, माहीत नाही. रोज करते म्हणून केलं असेल.

मॅडम आत रुग्ण तपासत होत्या. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, दोन आहेत.

"वाच."

एक गाव कळंबकडे, एक दारव्ह्याकडे. दोन्ही रस्ते यवतमाळातून उलट दिशांना जातात. गाडी एक. हे सांगायची गरज नव्हती. मी पहिली ओळ वाचली. मग दुसरी. गाव वाचलं, वय वाचलं, औषधं तिन्ही वाचली, त्रास वाचला. नाव नाही वाचलं. दोन्ही ओळींचं नाही वाचलं.

नाव वाचलं असतं तर मॅडमनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं असतं. तसं त्यांनी पाहावं, हे मला हवं होतं. म्हणून वाचलं नाही. आज एवढंच कळतं. काल एवढंही कळत नव्हतं.

मॅडमनी दोन्ही पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाल्या, "कळंबकडे. झटके आधी. दुसऱ्यासाठी एकशे आठला लाव."

मी अंगणात जाऊन धरमसिंगला सांगितलं. गाडी फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळली. बोरी अरबला उजवीकडे वळावं लागतं. ती दिसेनाशी होईपर्यंत मी थांबले. मग एकशे आठला, सरकारी रुग्णवाहिकेला, फोन लावला. लागेना. आईचा फोन बंद. बिजलीबाईंचा वाजत राहिला. पुन्हा वाजत राहिला.

तेव्हा आत जाऊन मॅडमना म्हटलं, बोरी अरबचा तो माझा भाऊ आहे.

त्यांनी कानातली नळी काढली. "नाव का नाही वाचलंस?"

मी एकशे आठचा नंबर पुन्हा दाबला. त्या पुढे झाल्या आणि माझा फोन माझ्या हातातून घेऊन स्वतः नंबर लावत राहिल्या.

मग एका अनोळखी नंबरवरून फोन आला. टेम्पोवाल्याचा होता, बोलत बिजलीबाई होत्या. पोरगा मोठ्या दवाखान्यात आणला आहे, आत घेतला आहे, डॉक्टर औषधाचं नाव विचारतात, तुमच्या मॅडमना बोलायला सांगा. मॅडम बोलल्या. तिन्ही नावं त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितली. कशावर उतारा चालेल, कशावर नाही, किती द्यायचं, कधी थांबायचं, हळूहळू, एकेक.

ओळ आल्यापासून हा फोन येईपर्यंत बोरी अरबहून टेम्पोला इथे यायला लागतो तेवढाच वेळ गेला होता, म्हणजे त्यांनी गाडीची वाट पाहिलीच नव्हती. हे माझ्या लक्षात आज सकाळी आलं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

त्याचे हात पट्टीनं खाटेला बांधले आहेत. उताऱ्यानं भ्रम होतो, नर्स म्हणाली, सगळ्यांचे बांधतो. पट्टी थोडी सैल आहे. तेवढ्यात तो बोटं वर करतो, हवेत चिमूट धरतो, ओढतो आणि कमरेशी टाकतो. परत वर करतो. आईला काल समजलं नाही. आज समजलं. तो कापसाची वेचणी करतो आहे.

आई त्याच्या बोटांखाली पदर धरून बसली आहे.

पलीकडच्या खाटेवर कळंबकडचा माणूस आहे. झटके थांबले आहेत. त्याची बायको म्हणाली, यायला जरा उशीर झाला असता तर संपलंच होतं, देवासारखी गाडी आली. तुमचा कोण, तिनं विचारलं. मी सांगितलं. तुम्हाला पण गाडीनंच आणलं का, तिनं विचारलं. आई म्हणाली, नाही हो, टेम्पोनं.

मी पाणी आणायला गेले.

३० सप्टेंबर, शनिवार

आज दसरा. वस्तीतले लोक कालच नागपूरला गेले. राजदीपनं सकाळी डोळे उघडले आणि छताकडे पाहून काहीतरी म्हणाला. मी वाकून ऐकलं. पंप जड झाला, असं म्हणत होता. मग झोपला. डॉक्टर म्हणतात, रात्र काढली तर बघू. गेल्या दोन दिवसांत त्यांनी हेच सांगितलं आहे.

३ ऑक्टोबर, मंगळवार

त्या सगळ्या रात्री त्यानं काढल्या. आज हात सोडले. तो चमच्यानं पेज प्यायला आणि तोंडाभोवती सांडवली. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि नर्सला काहीतरी लिहायला सांगितलं. मी विचारलं, डोळे कधी नीट होतील. बाहुल्या आधी विषानं बारीक होतात, त्या तशा कधीपासून होत्या, त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, पोळ्यापासून. पोळ्याला पाहिलं होतं, हे मी तेव्हाच पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. ते पुढच्या खाटेकडे गेले.

दुपारी बिजलीबाई आल्या. आईनं खाटेवर जागा दिली, त्या बसल्या नाहीत. राजदीपच्या कपाळावर हात ठेवला. "ओळखतं का रे मले?"

"गाडीवाली," तो म्हणाला.

आई हसली. हिरासिंग गेल्यापासून मी बिजलीबाईंसमोर उभी राहिले नव्हते. त्या बाहेर निघाल्या तशी मीही निघाले. व्हरांड्यात लोक सतरंज्या टाकून बसले होते. जिन्याशी जरा जागा होती. मी त्यांना विचारलं, त्या दिवशी फोन का नाही उचलला.

"हात कुठं मोकळे होते. एक त्याच्या मानेखाली, एक तोंडात. दातखीळ बसून राह्यली होती." त्यांनी उजवा हात दाखवला. अंगठ्याखाली दातांचे वण होते, निळे पडलेले.

मेसेज केला आणि लगेच डांबरी रस्त्यावर गेल्या. भगवानरावांचा सालदार आणि आणखी एक जण त्याला उचलून मागे आले. पहिल्यांदा मोटरसायकल थांबवली, ती जमली नाही. मग सरकी भरून चाललेला टेम्पो आडवला. सरकीवर झोपवून आणलं. सगळं त्यांनी बाजारात तेल काय भाव आहे हे सांगावं तसं सांगितलं.

"गाडी येईल असं वाटलं नाही का?" मी विचारलं.

"मागच्या टायमाले वाट पाह्यलीच होती न."

त्या एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं नाही, रागही नव्हता. खाली एक स्ट्रेचर चाललं होतं, तिकडे पाहत होत्या.

मी त्यांना सांगितलं, त्या दिवशीही गाडी आली नसती. ती दुसरीकडे गेली होती. दोन्ही ओळी मीच वाचून दाखवल्या होत्या. शेजारच्या खाटेवर आहे तो माणूस. त्यांनी ऐकून घेतलं. पदराचा बोळा करून अंगठ्याखालच्या वणावर धरला.

"मंग आता मेसेज पाठवत जाऊ का बंद करू?"

खालून कुणीतरी त्यांना हाक मारली. तांड्याकडे जाणारी ऑटो भरत आली होती. मी त्यांच्याबरोबर दोन पायऱ्या उतरले.

मी म्हटलं, पाठवत जा. पण वाट पाहू नका.